फीत कापायच्या आधीचं वसतिगृह

आमच्या शाळेची नवी इमारत परदेशी मदतीतून उभी राहिली. सहा वर्गखोल्या आणि मागं ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठी वसतिगृह. ते वसतिगृह मी भांडून मागून घेतलं होतं, अर्जही मीच लिहिला. दिवाळी झाली की आईबाप ट्रकमध्ये बसून साखर कारखान्यांवर जायचे, पोरंही बरोबर जायची आणि माझा वर्ग ओस पडायचा. गावात राहायला जागा असली तर पोरं शाळेत टिकतील, एवढंच मी लिहिलं होतं.

बांधकाम ऐन दुष्काळात झालं. गावाला आठवड्यातून एकदा टँकर आणि स्लॅबवर रोज पाणी. बाया रिकामे हंडे घेऊन बघत उभ्या राहायच्या, पण शाळेसाठी म्हणून कुणी कुरकुर केली नाही.

भाद्रपदात खाटा आल्या, गाद्या आल्या. किल्ली माझ्याकडं दिली आणि चेअरमन म्हणाले, "गुरुजी, उघडायची घाई करू नका. पाव्हण्यांच्या हातानं फीत कापायची हाय." चेअरमन म्हणजे सोसायटीचे, दूध संघाचे आणि आमच्या शाळा समितीचेही, आमच्याकडं मोठ्या माणसाला एक खुर्ची कधी पुरत नाही. पाहुणे म्हणजे मदत देणारे परदेशी लोक, ते येणार थेट माघात. आमच्याकडं फीत कापल्याशिवाय मुतारीसुद्धा वापरत नाहीत, तिथं वसतिगृहाची काय कथा!

दिवाळीनंतर ट्रक निघाले त्या सकाळी सातवीतल्या एका पोरीला घेऊन तिची आई आली. वर्गातली सगळ्यात हुशार पोर. मी गणित फळ्यावर पुरतं लिहायच्या आत ती उत्तर सांगायची.

"गुरुजी, हिला ठिवून घ्या. कपडे बांधून आणलेत."

"अजून उद्घाटन झालं नाही, बाई."

"खोल्या तर झाल्यात की. मग कावून न्हाई?"

कुलूप उघडलं तर चेअरमन नोकरी घालवतील, एवढीच माझी भीती. माघात पत्र टाकतो, तेव्हा आणून सोडा, असं म्हणालो. पोरगी गाठोडं उचलून ट्रकमध्ये चढली.

माघात पाहुणे आले. दाखवायला ऊसतोडीचं एक पोर गावात नव्हतं. मग चेअरमनच्या भावकीतली, शाळेला खेटून घरं असलेली पोरं आणून खाटांवर बसवली. ओळी मीच लावल्या. वरातीमागून घोडं म्हणतात. इथं वरात निघून गेली आणि घोड्यावर शेजारी बसवला. पाहुण्या बाईंनी एका पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, त्यांचे डोळे भरून आले. मला माझीच शिसारी आली.

पत्र मी टाकलं होतं, पण त्या हुशार पोरीला सोडायला कुणी आलं नाही. चैत्रात ट्रक परतले तसा मी तिच्या घरी गेलो. पोरगी चुलीपुढं बसली होती, गळ्यात मंगळसूत्र.

"आमी दोघं उसाच्या फडात गेल्यावर वयात आलेली पोर पाचटाच्या कोपीत एकटी कशी ठिवायची, गुरुजी?" आई म्हणाली. "तिकडंच लगीन लावून दिलं."

वर बाईनंच माझी समजूत काढली. "तुमचा काय दोस? तुमी हिच्यासाठी लई केलं. कुलूप चेअरमनच्या हातात, तुमी तरी काय करणार?"

पोरीनं पुढं केलेला चहा मी प्यालो. त्या सकाळी किल्ली माझ्या खिशात होती, हे मी त्या दोघींना सांगितलं नाही.