ती मूळव्याध नव्हती

नवऱ्याकडून मला एचआयव्ही आला. तो गेला, मी गोळ्यांवर जगले. सदाशिव पेठेतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी पोरांची प्रोजेक्टं बाइंड करते. तिथे माझ्या आजाराचं कुणाला ठाऊक नाही.

ठाऊक होतं ते एकाच बाईला. ती मांजरी गावची, माझ्यासारखीच विधवा, वयाने माझ्याहून थोडी लहान. गोळ्या घ्यायला आम्ही सरकारी दवाखान्यात एकाच दिवशी जायचो. बाकावर बसून तिने आणलेली भाकरी-चटणी खायची आणि सासूपासून पाळीपर्यंत सगळं बोलायचं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या गर्भाशयाच्या तोंडावर कॅन्सरच्या आधीचे बदल सापडले. ते काढून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता शौचाच्या जागेचीही तपासणी करून घ्या. हे बदल ज्या विषाणूने झाले तो तिथेही असू शकतो, आणि तुम्हाला एचआयव्ही आहे म्हणून धोका जास्त."

माझे कान तापले. "तसलं काही मी कधी केलेलं नाही हो."

"मी विचारलंय का? करावं लागतच नाही तसं काही."

तपासणी पाच-दहा मिनिटांची. कुशीवर झोपवून काडीने नमुना घेतला, बोटाने चाचपून पाहिलं. नमुन्यात दोष निघाला. मग दुर्बिणीतून बघून तुकडा तपासायला पाठवला आणि पुढच्या खेपेला तेवढा भाग जाळून टाकला. पुढे आठवडाभर नीट बसता येईना. जिन्यावरून पडले, असं दुकानात सांगितलं. तिलाही तेच सांगितलं.

ती हसली. "मला पन बसवंना झालंय, ताई. रगत बी पडतंय. मूळव्याध हाय."

तेव्हाच बोलायला हवं होतं. एवढंच सांगायचं होतं, की मी तपासणी केली, तूही कर. पण त्या जागेचं नाव माझ्या तोंडून निघेना. आजूबाजूला माणसं होती, हे खरं. पण नसती तरी मी बोलले असते का? मी म्हटलं, "अगं, डॉक्टरांना दाखव."

"दावलं की. मलम दिलंय, चूर्ण दिलंय."

दर महिन्याला ती त्या मलमाचं सांगायची आणि दर महिन्याला मी मान डोलवायचे. त्या डॉक्टरने तिला एकदाही तपासून पाहिलं नव्हतं. तिनेही कपडे सैल केले नसते म्हणा. आठ-नऊ महिन्यांनी जांघेत गाठ आली, तेव्हा तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता.

शौचासाठी पोटाला पिशवी लावली. किरणांचे शेक दिले, सलाइनमधून औषधं दिली. मी भेटायला गेले तेव्हा तिची मुलगी खाली औषधं आणायला गेली होती. खोलीतला वास लपवायला कुणीतरी उदबत्ती लावलेली.

"ताई," ती म्हणाली, "हितली डॉक्टर म्हनली, आपल्यासारख्या बायांची आधीच तपासनी करत्यात म्हनं. तुमाला म्हाईत हुतं?"

मी म्हटलं, "नाही गं."

तिने डोळे मिटले. "आपल्याला कोन सांगनार म्हना."

दोन आठवड्यांनी ती गेली. मूळव्याध बिघडली, असं तिच्या घरचे लोकांना सांगत होते. मीही तिथे बसून ते ऐकलं.

माझा शेवटचा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर आलात म्हणून वाचलात." मी हो म्हटलं. घरी येऊन रिपोर्ट कपाटात साड्यांच्या खाली सरकवला. गेल्या महिन्यात गोळ्यांच्या रांगेत शेजारची एक बाई सारखी अवघडून बसत होती. तिच्याशी बोलायचं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं. माझा नंबर आला. मी उठून गेले.