बुधरीबाईचं सातवं पाणी

कोणता पंप घ्यायचा हे मी गिऱ्हाइकाला विचारत नाही, सांगतो. आरमोरीत वीस वर्षं हेच करतोय. पण बुधरीबाई उसेंडीला एकच पंप दोन कामांना हवा होता. विहिरीचं पाणी घरच्या टाकीत चढवायचं, आणि देवाच्या पूजेसाठी मोहाची दारू गाळताना भट्टीवरच्या गुंडीत थंड पाणी घालायचं. गुंडीच्या थंड बुडाला वाफ लागते आणि आतल्या भांड्यात थेंब पडतात. गुंडीतलं पाणी तापलं की बदलावं लागतं.

मी अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप दिला. वर शहाणपणा करून एक बारीक नळी जोडली. गुंडीत पाणी सतत येत-जात राहील, हात लावायला नको.

आठ दिवसांनी ती नळी घेऊन परत आली.

"पंप चांगला हाय, टाकी भरते. ही नळी ठेवून घे, भाऊ."

"काऊन? पाणी थंड नाई राह्यलं?"

"थंडच राह्यलं, तेच त बिघडलं. आतलं भांडं दिसत नाई. आमी सात पाणी बदलतो, सातवं तापलं की भट्टी उतरवतो. नळीचं पाणी तापतच नाई, मंग मी मोजू काय? गाळतच राह्यली, सारी पातळ झाली."

"मग देवाले काय सांगितलं?" मी ओशाळून विचारलं.

"खरं तेच सांगितलं. म्हटलं, यंदाची आरमोरीच्या दुकानदारानं गाळली."