चौथा कप्पा

बातमी आली ती आमच्या दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, आणि तीही दोन जाहिरातींच्या मधोमध. वर कुणीतरी नव्या विमानतळाजवळचे 'शेवटचे काही प्लॉट' फॉरवर्ड केले होते, खाली हमखास भाड्याच्या दुकानांची योजना, आणि मध्ये सुलभाताईंच्या मुलीच्या, मुक्ताच्या, दोन ओळी. आई पहाटे गेली, झोपेतच. सुलभाताई गजभिये असत्या तर त्यांनी आधी त्या वरच्या प्लॉटचा समाचार घेतला असता. 'शेवटचे काही' या शब्दांशी त्यांचं जुनं वैर. "आमची मुक्ता शाळेत होती ना भाऊ, तेव्हापासून हे प्लॉट शेवटचेच आहेत," असं त्या म्हणायच्या. मला ते आठवलं, मी चक्क हसलो, आणि मग लक्षात आलं की ते वाक्य आता पुन्हा ऐकायला मिळणार नाही... फोन उपडा ठेवून दिला.

ताई मूळच्या नागपूरच्या. नोकरी दिल्लीत, केंद्र सरकारात, घर फरीदाबादला. आमची ओळख मंडळातली, पण ती घट्ट झाली काला अंबच्या, म्हणजे पानिपतच्या रणभूमीवरच्या, सहलीत. मी तेव्हा निवृत्तीला आलो होतो. सरकारी क्वार्टर सोडायचं, मग जायचं कुठे, हा प्रश्न घरात रोज जेवणाच्या ताटावर येऊन बसायचा. पुण्यातल्या किमती ऐकल्या की हिची भूक जायची आणि दिल्लीतल्या ऐकल्या की माझी. अशा मनःस्थितीत आम्ही संक्रांतीला पानिपतला गेलो. काला अंबच्या स्तंभासमोर उभं राहिल्यावर मराठी माणसाचं जे होतं ते आमचंही झालं. ऊर भरून आला, डोळे पाणावले. आणि नेमक्या त्याच अवस्थेत, परतीच्या वाटेवर, बस एका धाब्यावर थांबली असताना एक डीलर भेटला.

डीलर मोठा हुशार. आमचं बोलणं ऐकून आधी 'जय महाराष्ट्र' म्हणाला. मग हायवेपासून 'बस पाँच मिनट' आत असलेली जमीन दाखवायला घेऊन गेला. हिरवागार गहू, चुन्याच्या रेषा, मध्ये झेंडूची माळ घातलेली कमान. बसमध्ये एकच कल्लोळ. सगळ्यांनी शेजारी शेजारी प्लॉट घ्यायचे, मधे गणपतीचा मांडव, एक छोटी लायब्ररी, कोपऱ्यावर कुणाच्या तरी वहिनींचा मिसळीचा ठेला! इतर प्रांतांतली माणसं जमीन घेताना जमीन बघतात, आम्ही शेजारी बघितले. माझा आवाज त्यात सर्वांत वरचा होता. टोकनचे, म्हणजे इसाऱ्याचे, पैसे तिथेच द्यायला मी निघालो, तेव्हा ताई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "भाऊ, भावनेच्या भरात या बाजूला आलेल्या माणसांचं काय होतं, ते आत्ताच बघून आलो ना आपण?"

बस हसली. मी रागावलो. ताईंनी माझ्या रागाकडे साफ दुर्लक्ष केलं आणि एवढंच म्हणाल्या, "पुढच्या रविवारी मी डबा आणते. तिथेच जेवू. मग द्या टोकन."

हा त्यांचा डबा म्हणजे चार कप्प्यांचा, स्टीलचा, कडीला एका बाजूने पोचा आलेला. कोणतीही जागा घेण्याआधी त्या जागेवर बसून दुपारचं जेवण जेवायचं, ही त्यांची रीत. तीही डीलरच्या गाडीने जायचं नाही; बसने, मेट्रोने, पायी. "डीलरच्या गाडीत सगळं पाच मिनिटांवर असतं," असं त्यांचं म्हणणं. पुढच्या रविवारी खरोखरच आम्ही गेलो. हायवेवर उतरल्यापासून ती पाच मिनिटं संपता संपेनात, हिची चप्पल तुटली. शेवटी गव्हाच्या बांधावर सतरंजी टाकून बसलो. एका कप्प्यात भाकरी, दुसऱ्यात झुणका, तिसऱ्यात वांग्याची भाजी. चौथ्याला मी हात घातला तर ताईंनी हातावर चापट मारली. "तो येणाऱ्याचा."

"कोण येणार आहे?"

"कुणीतरी येतंच, भाऊ. आपण जेवायला बसलो की बघायला येतंच."

आणि आली. म्हशी घेऊन चाललेली एक बाई थांबली. ताईंनी चौथा कप्पा उघडून तिच्यापुढे तिळाच्या वड्या धरल्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. आम्ही इथे घर बांधणार, असं मी ऐटीत सांगितलं, तर ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "किसमें बनाओगे? अभी तो भाइयों में बँटवारा ही ना हुआ. जेठ केस लड़ रहे हैं."

ती जमीन ज्या चार भावांची, त्यांतल्या एकाची ही बायको; वाटणीचा खटला तिचे थोरले दीर लढत होते. पुढे ताईंनी फर्द काढायला लावली. आपल्याकडे सातबारा, तशी इकडे फर्द. विकणाऱ्याचं नाव तिच्यावर होतं, डीलर खोटं बोलत नव्हता; फक्त कोणता तुकडा त्याचा, हे ठरलेलं नव्हतं. शिवाय जमीन शेतीची, कॉलनीला परवानगी नाही, रजिस्ट्रीऐवजी मुखत्यारपत्र मिळणार. मंडळाची मराठी वसाहत तिळाच्या चार वड्यांत आटोपली. मला फार वाईट वाटलं होतं. घर गेल्याचं नाही, मांडव गेल्याचं...

ही रीत त्यांना कुठून सुचली, ते एकदा दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गावरच्या कँटीनमध्ये साबुदाणा वडा खाता खाता त्यांनी सांगितलं. त्यांनी आणि गजभिये साहेबांनी तरुणपणी एका टॉवरमध्ये फ्लॅट बुक केला होता. बुकिंगच्या ऑफिसात एसी होता, कॉफी होती, काचेखाली इवलीशी झाडं लावलेला नमुना होता. "आम्ही नमुन्यातल्या झाडाखाली कोणती खुर्ची ठेवायची ते ठरवत होतो हो. जागा बघायला गेलोच नाही." नंतर कित्येक वर्षं घराचं भाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही एकदम भरावं लागलं. टॉवर अजून तसाच आहे, गज वर काढून उभा. हे सांगताना त्या इतक्या हसत होत्या की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

माझं घर त्यांनीच शोधलं. फरीदाबादला, तळमजल्यावर, जुनं, रंग उडालेलं. मी नाक मुरडलं. "दिसायला गबाळं आहे, पण कागद स्वच्छ आहेत, बिल्कुल," त्या म्हणाल्या. मे महिन्यात नेऊन नळ सोडून दाखवले, पावसाळ्यात नेऊन अंगणात किती पाणी साचतं ते बघायला लावलं, सोसायटीकडून थकबाकी नसल्याचं पत्र आणवलं. सगळी पुंजी घरात घालू दिली नाही; थोडी आजारपणासाठी बाजूला ठेवायला लावली. पुढे हिचं ऑपरेशन निघालं, तेव्हा त्या बाजूला ठेवलेल्या पैशांनीच आम्हाला तारलं. मी आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, "आधी जेवा. मग बोला."

शेवटची भेट झाली तेव्हा मात्र त्या काळजीत होत्या. मुक्ता गुडगावला नोकरी करते, हुशार पोर, पण तिला तिकडे एक स्टुडिओ फ्लॅट आवडला होता. बांधून व्हायचाय, तोवर दरमहा हमखास भाडं देऊ म्हणतात. "माझ्यामागे जे काही मिळेल, ते ही पोरगी एका कॉफीवर देऊन टाकेल, भाऊ. तुमच्यासारखीच घाई आहे तिला." मी म्हणालो, मी आहे ना. म्हणालो खरं, पण मनातून धास्तावलो होतो. या मुलांना सांगायचं कोणी?

बौद्ध रीतीप्रमाणे ताईंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. मला मुक्ताला विचारायचं धाडस होईना. मग एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात मुक्ता, हातात तो पोचा आलेला डबा.

"काका, चलो. त्या स्टुडिओ फ्लॅटच्या साइटवर सही करायला बोलावलंय. गाडी पाठवत होते, मी नको म्हटलं. मेट्रोने जाऊ."

शेवटच्या स्टेशनाच्या पुढे रिक्षा, मग धुळीतून पायपीट. पत्र्याच्या कुंपणाबाहेर टायवाला मुलगा धावत आला, "मॅम, अंदर आइए, एसी है, कॉफी है." मुक्ता म्हणाली, "पहले खाना खाएँगे." आणि सरळ समोरच्या कठड्यावर बसली. भाकऱ्या जाडजूड होत्या, एक बाजू करपलेली. झुणक्यात मीठ जास्त. मी एक घास घेतला आणि मला रडू आलं, ते मिठावर ढकललं.

तीन कप्पे रिकामे झाले. मी सवयीने चौथ्याकडे हात नेला, तर हातावर चापट बसली. मुक्ताने सहीचे कागद पिशवीतून काढलेच नाहीत. डबा मांडीवर घेऊन ती रस्त्याकडे बघत बसली, कोण येतंय ते.