संत आन्नाचं कुंकू

देव रंगवायचा म्हटलं की पेंटरकाका आधी आंघोळ करायचे, पायताण बाहेर काढायचे आणि दिवसभराचं काम उरकेपर्यंत तोंडात पाण्याशिवाय काही घालायचे नाहीत. मग तो देव कुणाचा का असेना. चर्चमधल्या वेदीमागचं मोठं चित्र रंगवायला गेले, तेव्हा पाद्रीबाबांनी पहिल्याच सकाळी चहा पुढे केला. काका म्हणाले, "आदी देव, मग च्या." तेव्हापासून चर्चमधला चहा संध्याकाळवर गेला.

लग्न होऊन मी शुक्रवार पेठेत आले, तर काकांचं घर आमच्या भिंतीला लागून. माणसं मूळची मंद्रूप गावची. काकांची हयात नाटकाचे पडदे रंगवण्यात गेलेली. बोलपट आले आणि ते काम आटलं. त्यामुळे पाद्रीबाबांकडच्या छापील चित्रात पिळाचे खांब, ढग आणि पंखवाली गुबगुबीत पोरं दिसल्यावर स्वारी खूश. हा तर दरबाराचाच पडदा, म्हणत त्यांनी सोनेरी रंगाची नुसती खैरात केली. चेहरे मात्र पेठेतले. किल्ल्या घेतलेला संत पेत्र म्हणजे आमचा कोपऱ्यावरचा वाणी, हुबेहूब. मला हसू फुटलं, तसं काकांनी असं काही पाहिलं की मी पदर तोंडात कोंबला.

मधोमध मेरीची आई, संत आन्ना, शेजारी तिचा नवरा. तिचा चेहरा काकांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा, आणि कपाळावर ठसठशीत कुंकू! पाद्रीबाबा हबकलेच. सणाला बिशपसाहेब यायचे होते. पाद्रीबाबांनी समजावलं, चिडले, शेवटी म्हणाले, तुम्ही पुसत नसाल तर दुसऱ्या पेंटरकडून पुसून घेतो.

"तिचा नवरा शेजारी जिता हुबा हाय," काका म्हणाले. "सवाशिणीचं कपाळ मी कसं पुसू?"

घरी येऊन ते न जेवताच बसले. काकांना जुना दमा, आणि त्या थंडीत तो फारच बळावलेला. एरवी गाईसारख्या गरीब काकू त्या दिवशी कडाडल्या. "त्वांड माजं हाय. त्यावरचं कुंकू पुसलं, तर तुमचं काय हुईल?" अहो, ते चित्र आहे, असं मी म्हणून पाहिलं, पण मग त्यांचे डोळे दिसले. बाई खरंच घाबरली होती.

सकाळी काका आंघोळ करून गेले आणि त्यांनी आन्नाचा निळा पदर पार भुवयांपर्यंत खाली ओढला. पाद्रीबाबांना कळलं नसेल असं नाही. पदर छान पडलाय, एवढंच ते म्हणाले. संध्याकाळी काकांनी दारातूनच काकूंना सांगितलं, "पुसलं न्हाय. झाकलंय."

त्यानंतर बरीच वर्षं काका खोकत, भांडत, रंगवत जगले. मग दम्यानंच गेले. असा माणूस पुन्हा शेजारी मिळाला नाही. कपाळ मोकळं झालं, तसं काकूंनी उंबरा ओलांडणंच सोडलं.

वर्षश्राद्ध झाल्यावर एका सकाळी त्या आपण होऊन म्हणाल्या, मला ते चित्र दाखव. इतक्या वर्षांत त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. मी चहा टाकते म्हटलं, तर नको म्हणाल्या. चर्चच्या दाराशी चपला काढून त्या आत गेल्या आणि आपल्याच तरण्या चेहऱ्यासमोर कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी स्वतःचा पदर हळूच भुवयांपर्यंत ओढला.

"आत हाय न्हवं आजून?" त्यांनी विचारलं.

"हाय की, काकू," मी म्हटलं.