पट्टीवाला फोटो

प्रेक्षकांबद्दल माझं मत फार वाईट आहे. दादरच्या एका नाट्यगृहाच्या बुकिंग खिडकीत माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, त्यामुळे हे मत ऐकीव नाही. प्रमुख नटाला ताप आलाय, प्रयोग रद्द झालाय, असं सांगितलं की चांगली इस्त्रीच्या शर्टातली माणसं म्हणतात, "आला असता दोन तास, काय मरणार होता का?" तरीही नाटकाचा प्रेक्षक परवडला. तो निदान गप्प बसून बघतो आणि घरी जातो. माझ्या धाकट्या भावाच्या वाट्याला आला तो फुटबॉलचा प्रेक्षक, आणि तोही आमच्या करी रोडच्या चाळीतला.

आमच्याकडे फुटबॉल कुणाच्या गावीही नव्हता. बाबा गिरणीच्या संघातून कबड्डी खेळलेले. चाळीच्या मंडळाच्या ऑफिसात भिंतभर कबड्डीवाल्यांचे फोटो. भाऊ शाळेतल्या पीटीच्या सरांमुळे फुटबॉलकडे वळला, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष बाबांना म्हणाले होते, "पोराला लाथा मारायलाच शिकवायचं होतं तर शाळेत कशाला घातलात?" पुढे भावाला एका क्लबने करारावर घेतलं, तो टीव्हीवर दिसला, आणि एका आठवड्यात अख्ख्या मंडळाला फुटबॉल कळायला लागला. ऑफसाइड म्हणजे काय हे अध्यक्षांना आजतागायत समजलेलं नाही, पण पंचाला शिव्या घालण्यात ते सगळ्यांच्या पुढे.

तो सामना आम्ही मंडळाच्या ऑफिसातच बघितला. आम्हा घरच्यांना पुढे बसवलं होतं, खेळाडूची आई म्हणून आईला उशी दिली होती. भाऊ बचावफळीत खेळायचा, पण कॉर्नर मिळाला की उंचीमुळे त्याला पुढे पाठवायचे. तसा तो गेला, उडी मारली, आणि समोरच्या खेळाडूचं डोकं त्याच्या डोक्यावर आदळलं. तो पडला तो हललाच नाही. मग त्याला उठवून बाजूला नेलं, डोक्याला पांढरी पट्टी गुंडाळली. पट्टीतून रक्त येत होतं, पाय एकीकडे पडत होते, आणि प्रशिक्षकाने पाठीवर थाप मारून त्याला परत आत ढकललं. तेव्हा ऑफिसात ज्या शिट्ट्या वाजल्या त्या मला अजून ऐकू येतात. थोड्या वेळाने त्याच डोक्याने त्याने गोल केला. कुणीतरी ढोल काढला. आई हात जोडून बसली होती, तिला वाटलं आता संकट टळलं.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"ताई, मॅचचं काय झालं? जिंकलो ना आपण?"

"अरे, गोल तूच मारलास!"

"हो. सगळे असंच म्हणतायत."

मला वाटलं, गंमत करतोय.

त्या गोलनंतरचा त्याचा फोटो चाळीत घरोघरी गेला. पट्टी, रक्ताळलेला शर्ट, वासलेलं तोंड, वर उचललेली मूठ. मोबाइलवर तो, दुकानाच्या काउंटरवर तो, मंडळाच्या भिंतीवर कबड्डीवाल्यांना सरकवून मधोमध तो. खाली लिहिलेलं, 'करी रोडचा वाघ'. सुट्टीत भाऊ घरी आला तेव्हा सत्कार झाला. स्टेजवर हॅलोजन लावले होते. त्या उजेडाने त्याच्या डोक्यात कळा यायला लागल्या म्हणून त्याने नुकतीच मिळालेली शाल डोळ्यांवर धरली. लोकांना वाटलं, पोरगा भारावला. टाळ्या थांबेनात. अध्यक्षांनी माइकवरून सांगितलं की बघा, वाघालाही पाझर फुटतो. मला अध्यक्षांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि आज तर जास्तच वाटते.

पुढचं हळूहळू घडलं. डोकं दुखायचं. झोप नाही. पास कुणाला द्यायचा होता हे मैदानात मध्येच विसरायचा. त्याने ते कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की बाकावर बसवतात आणि बाकावरचा खेळाडू पुढच्या वर्षी दिसत नाही. मग एकदा ड्रेसिंग रूममध्ये त्याने स्वतःच्याच गोलकीपरला मारलं. चांगलं तोंड फुटेपर्यंत मारलं. क्लबने करार मोडला. बातमी चाळीत आली तेव्हा कुणाला लाज वाटली असेल तर शपथ. उलट अध्यक्ष म्हणाले, "आपला पोरगा आहे, कुणाच्या बापाचं ऐकून नाय घेत." गणपतीत समोरच्या मंडळाशी वाजलं, तेव्हा त्याला खास घरून बोलावून नेलं. दुसऱ्याचं डोकं फोडायला स्वतःचं फुटलेलं डोकं घेऊन गेला माझा भाऊ, आणि ह्यांनी मागे उभं राहून व्हिडिओ काढले.

घरातही तेच सुरू झालं. कुकरची शिट्टी झाली की तो कानांवर हात दाबून बसायचा. एका सकाळी आईने कुकर लावला आणि तो ओरडत उठला. आई मध्ये आली. त्याने तिला ढकललं, ती मोरीच्या कठड्यावर पडली आणि तिचं मनगट मोडलं. आमच्या आणि शेजारच्या खोलीत प्लायवूडचं पार्टिशन आहे, पलीकडचा माणूस कूस बदलला तरी कळतं. तरी आईने प्लास्टर घातलेला हात घेऊन गॅलरीत सगळ्यांना सांगितलं, "मोरयेत पाय घसारलो माझो." आणि सगळ्यांनी "जपा हो" म्हणून माना डोलावल्या. ह्या समंजसपणाची मला शिसारी येते.

भाऊ संध्याकाळभर आईच्या पायाशी बसून होता. मला म्हणाला, "ताई, हात उठतो ना, तेव्हा मी तिथे नसतोच गं."

मी म्हटलं, ह्याला मनाच्या डॉक्टरकडे न्यायचं. नाही नेलं तर हा कुणाचा तरी जीव घेईल, नाहीतर स्वतःचा देईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण घरात सल्लागारांची कमी नव्हती. आई म्हणाली, "तो काय येडो आसा? नजर लागली हा तेका." काका गावी जाऊन देवाचा कौल लावून आले. कौलात निघालं की मूळपुरुषाचं काहीतरी करायचं राहून गेलंय. देवाला पाच पिढ्या मागचं दिसलं, टीव्हीवर सगळ्या मुंबईने बघितलेली पट्टी तेवढी दिसली नाही. जुन्या प्रशिक्षकाला मी फोन केला, तो म्हणाला, "दीदी, मैदान पे भेजो, सब ठीक हो जायेगा." आणि अध्यक्ष म्हणाले, "स्पोर्ट्समन माणूस, डिप्रेशन कसलं? सकाळी उठून ग्राउंडला राउंड मारायला सांगा." अध्यक्षांचं पोट बघता राउंड मारणारा माणूस त्यांनी शेवटचा कधी पाहिला असेल कोण जाणे.

तरी मी त्याला एकदा नेलंच. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात मानसोपचाराच्या ओपीडीची रांग होती, तो टोपी डोळ्यांवर ओढून माझ्यामागे उभा होता. नंबर जवळ आला होता. तेवढ्यात कुणा पेशंटसोबत आलेला एक इसम ओरडला, "आयला, वाघ! इकडे कुठे?" आणि मोबाइल काढून त्याच्या गळ्यात हात टाकला. मागच्या बोर्डवर मानसोपचार विभाग असं ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, तेही फोटोत आलं असणार. भावाने फोटो काढू दिला, हसलासुद्धा. मग वळला आणि थेट गेटबाहेर निघून गेला, आणि पुन्हा यायला तयार झाला नाही.

नंतरच्या महिन्यात एका दुपारी माझ्या भावाने जीव द्यायचा प्रयत्न केला. कसा ते मी सांगणार नाही. चाळीत विचारलंत तर कुणीही सांगेल, हातवारे करून सांगेल. शेजारच्या वहिनींना वेळेवर शंका आली म्हणून तो वाचला. सगळ्या चाळीत तेवढ्या एकीला मी माणूस म्हणते. त्याला हॉस्पिटलात नेलं तेव्हा तो बेशुद्ध होता. रात्र आम्ही बाहेर बाकावर काढली. सकाळी डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय. मी आईला तिथेच बसवून कपडे आणायला घरी निघाले.

नाक्यावर वळले आणि समोर फ्लेक्स. माणसाहून उंच. 'भावपूर्ण श्रद्धांजली. करी रोडचा वाघ हरपला.' मधोमध तोच पट्टीवाला फोटो. वरच्या ओळीत पुढाऱ्यांची डोकी, खाली कोपऱ्यात हात जोडलेले अध्यक्ष, तेही हसरे, कारण वाढदिवसापासून बाराव्यापर्यंत सगळीकडे त्यांचा तोच फोटो चालतो. क्षणभर मला वाटलं, मी निघाल्यावर मागे काहीतरी झालं. मी रस्त्यातच हॉस्पिटलात फोन लावला. आई म्हणाली, "जागो झालो. पाणी मागता हा."

मी मंडळाच्या ऑफिसात गेले आणि आयुष्यात दिल्या नव्हत्या तेवढ्या शिव्या दिल्या. अध्यक्ष चहा पीत होते.

"ताई, चूक झाली, मान्य. पण सीरियस आहे असं कळलं होतं ना. समोरच्यांनी आधी लावला असता तर? आपल्या पोराचा फ्लेक्स आपल्या आधी त्यांनी लावायचा?"

"मेला की नाही ते विचारायचं तरी होतं!"

"अहो, पण ह्याने आयुष्य वाढतं म्हणतात."

"मग तुमचाही एक छापून घ्या," मी म्हटलं.

नंतर कळलं की समोरच्या मंडळाचाही छापून तयार होता. टांगायला बांबू मिळाला नाही म्हणून राहिला.

हॉस्पिटलात मनाच्या डॉक्टर रोज त्याच्या खाटेशी यायच्या. माझ्यापेक्षा वयाने लहान, शांत बाई. "हे सगळं कधीपासून सुरू झालं?" असं त्या विचारायच्या आणि तो भिंतीकडे बघत राहायचा. मी सांगायला तोंड उघडलं की त्या मला हातानेच थांबवायच्या. घरी सोडताना त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, गोळ्या दिल्यात, त्या चुकवू नका, त्याला एकटं ठेवू नका, पण तो स्वतः बोलला नाही तर आपण फार पुढे जाऊ शकणार नाही. मला भीती वाटत होती. इतकी की टॅक्सीत मी त्याचा हात धरून बसले होते आणि त्याने तो धरू दिला.

टॅक्सी मंडळाच्या ऑफिसापाशी थांबली. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत होती, आणि धूळ बसू नये म्हणून त्यावर तोच फ्लेक्स टाकला होता. छापील बाजू आत करण्याचंही कुणाला सुचलं नव्हतं. मी त्याला ओढायला लागले. तो थांबला. फ्लेक्सच्या घड्या त्याने हाताने सरळ केल्या आणि स्वतःची श्रद्धांजली अध्यक्षांच्या हुद्द्यासकट वाचून काढली.

"फोटो त्याच मॅचचा ना?" त्याने विचारलं.

"हो."

"ह्याला सगळे ओळखतात, ताई. मीच नाही ओळखत."

त्याने फ्लेक्स खुर्च्यांवरून ओढला आणि गुंडाळी करून काखेत मारला. अध्यक्ष दारात आले होते. वाचलेल्या माणसाला काय बोलावं हे त्यांना सुचेना, आणि सुचलं ते असं, "अरे वाघा, तो असू दे. मागची बाजू कोरी आहे, सत्यनारायणाला वापरणार आहोत." भावाने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पाहिलं, आणि ते आत गेले.

ओपीडीच्या दिवशी त्याला उठवावं लागलं नाही. अंघोळ करून, फ्लेक्सची गुंडाळी घेऊन तो दाराशी उभा होता. आई घाबरली, असलं अभद्र हॉस्पिटलात कशाला न्यायचं म्हणून. रांगेत लोक बघत होते. कुणीतरी ओळखलंही असेल. तो टोपी न घालता उभा राहिला.

आत गेल्यावर त्याने डॉक्टरांच्या टेबलावरचे कागद बाजूला केले आणि फ्लेक्स उलगडला. तो टेबलावर मावेना, दोन्हीकडून जमिनीवर लोंबला. त्या बाईंनी वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. कपाळाला आठी पडली. भावाने पट्टीवर बोट ठेवलं.

"इथपासून," तो म्हणाला.

"इथे काय झालं होतं?"

"डोक्यावर डोकं आपटलं. मग अंधार."

"अशाने डोक्याला आतून मार बसू शकतो. सगळं त्यामुळेच झालं असं मी आज म्हणणार नाही, तपासावं लागेल. पण हे कुणी विचारलं नाही तुम्हाला?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग पुढे काय झालं?"

"पुढचं मला माहीत नाही, मॅडम," माझा भाऊ म्हणाला. "सगळ्यांनी बघितलं. मीच नाही बघितलं."

त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. मी बाकावर बसून राहिले. बऱ्याच वेळाने आतून त्याचा आवाज यायला लागला.