सासऱ्यांचे पाद्रीबाबा

माझ्या सासऱ्यांइतका सोवळ्याओवळ्याचा कडक आणि तरीही एका ख्रिस्ती पाद्रीबाबावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या तंजावुरात दुसरा सापडायचा नाही. पाद्रीबाबा सिनेमातला, परदेशी, चीनमध्ये जाऊन तिथल्या गोरगरिबांत उभं आयुष्य काढणारा. सिनेमा जुना, इंग्रजी, काळापांढरा. घरी कुणीही येवो, त्याच्या हाती कॉफीचा टंबलर द्यायचा आणि सिनेमा लावायचा, हा सासऱ्यांचा शिरस्ता. मी पुण्याहून मुलगी पाहायला गेलो, तेव्हा मुलीच्या आधी मला पाद्रीबाबाच दाखवण्यात आला.

पाहुण्याला इंग्रजी येत असलं तरी सासरे प्रत्येक वाक्याचं मराठी करून सांगत. तेही त्यांच्या घरचं, भोसल्यांच्या राज्यात तिथे आलेलं आणि तमिळ हेलात मुरलेलं. त्यामुळे तो गोरा पाद्री थेट तंजावरी मिरासदारासारखा बोले. मधूनच सासरे त्याला सल्लाही देत. तो पावसात निघाला की, "अहो, छत्री घ्या कीं!" त्यांची नोकरी जवळच्या ओरत्तनाडूला पाटबंधाऱ्यांच्या कचेरीत झालेली, त्यामुळे पडद्यावर पूर आला की आधी बांधाला नावं ठेवणं, दुःख मागाहून. भरजरी झग्यातला बडा धर्मगुरू पाद्रीबाबाला कमी लेखू लागला की सासरे ताडकन उठत. "ऐयो, हा आमच्या साहेबासारखाच! कामाचा मनुष्य यांस दिसत नाहीं!" पाद्रीबाबाच्या मोडक्या चिनीला चिनी पोरं हसत, तिथे मात्र सासरे पोट धरून हसत. आतून सासूबाईंचा आवाज येई, "पुरें करा आतां, माप्पिळ्ळैंस भूक लागली असेल." माप्पिळ्ळै म्हणजे जावई, अर्थात मी. भूक लागलेली असेच.

सासूबाई गेल्या आणि त्या घरात ते एकटे उरले. अप्पांना पुण्याला आणायचंच, असा माझ्या बायकोने ध्यास घेतला. त्यांनी पुष्कळ आढेवेढे घेतले. शेवटी एकुलत्या एका लेकीचं फोनवरचं रडणं ऐकवेना, म्हणून आले.

पहिल्याच रविवारी त्यांनी सोसायटीतली मंडळी जमवली आणि सिनेमा लावून सांगायला सुरुवात केली, "हा पाद्रीबाबा आपला मुलूख सोडून चालला, पाहा." मुलं खुसूखुसू हसू लागली. एक बाई अगदी कौतुकाने म्हणाल्या, "आजोबा मद्रासी असून किती छान मराठी बोलतात!"

सासरे थांबले. उरलेला सिनेमा पाद्रीबाबा एकटाच इंग्रजीत बोलला. जेवताना ते मला म्हणाले, "तेथें सगळी वीथी, सगळी गल्ली, मला मराठी रायर म्हणते, मराठी राव. एथें मी मद्रासी. माप्पिळ्ळै, मला पोंचवून या."

बायको रागावली, रुसली, रडली. त्यांनी ऐकलं नाही.

मीच त्यांना घेऊन निघालो. गाडीने तंजावुराच्या अलीकडचं पापनाशम सोडलं तसे ते पिशवी घेऊन दाराशी जाऊन उभे राहिले. गल्लीत शिरताच समोरच्या इडलीवाल्या बाईंनी तमिळमधून हाक दिली, "काय रायर, आपल्या गावी जाऊन आलात?"

"नाही हो, मुलीच्या गावी," ते तमिळमध्येच म्हणाले.

कुलूप काढलं, देवापाशी दिवा लावला आणि मग मला म्हणाले, "मुलीस फोन लावा. सांगा, अप्पा रागावला नाहीं. अप्पा घरीं पोंचला."

मी तेवढंच सांगितलं.  पलीकडून ती म्हणाली, "आणि मी? माझं घर कुठलं?"