चालती गाडी

राजेंद्रच्या दारातली फियाट वर्षातून एकच दिवस जागची हलायची, चौदा एप्रिलला. तेव्हाही इंजिनाने नाही. मंडळाची पोरं ती मागून ढकलायची.

गाडी त्याच्या वडिलांची. भीमरावांनी ती उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका कापडवाल्याकडून जुनीच घेतली होती. अंबरनाथला पालेगावच्या वाटेवरच्या त्या वस्तीत तेव्हा दुसरी चारचाकी नव्हती. जयंतीला टपावर बाबासाहेबांची तसबीर बांधायची, पुढे लेझीम, आणि भीमराव इतक्या सावकाश चालवायचे की पायी चालणारं कुणी मागे पडू नये. मागच्या सीटवर पांढरं लुगडं नेसलेल्या सुंदराबाई. भीमराव गेले आणि गाडी शेडखाली उभी राहिली ती राहिलीच. पुढे बदलापूरची कंपनी बंद पडून राजेंद्र घरी बसला, तेव्हा एके सकाळी त्याने गाडीवरची अडगळ काढली आणि ती धुतली. फिटर माणूस; हातांना काहीतरी हवं होतं. त्याची बायको शीला दारातून बघत होती. निदान माणूस उठून उभा राहिला, एवढंच तिला वाटलं.

चूक पहिल्याच वर्षी झाली. आधी सडलेला पत्रा कापून नवा जोडायचा, मग इंजिन, आणि रंग सगळ्यात शेवटी, हे राजेंद्रला चांगलं माहीत होतं. पण जयंती तोंडावर आली होती. मंडळाचा भगवंत म्हणाला, गाडी यंदा मिरवणुकीत पाहिजेच, आधी रंग मारून घेऊ, आतलं काय ते नंतर बघता येईल. गंजाच्या भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासून सपाट केली आणि वर निळा रंग चढवला. गाडी आरशासारखी झाली. राजेंद्र स्टीअरिंगवर बसला, पोरांनी मागून जोर लावला, आणि डीजेच्या दणदणाटात इंजिनाचा आवाज आहे की नाही हे शोधायला कुणीच गेलं नाही.

सुंदराबाईंना खरोखरच कळलं नाही. नजर अधू झालेली, कानही तसेच. दारात उभ्या राहून त्यांनी निळा रंग समोरून सरकताना पाहिला, खिडकीतून बाहेर आलेला लेकाचा हात पाहिला. तो घरी आल्यावर म्हणाल्या, "बापासारखीच चालवतोस. सावकाश."

राजेंद्रने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्याला पाण्याचा तांब्या लावला.

विहारातल्या बायकांना त्या सांगू लागल्या, राजाने बापाची गाडी चालू केली. एरवी बाहेर का काढत नाहीस, असं विचारलं की तो म्हणायचा, ती जयंतीची गाडी आहे. हे त्यांना पटायचं. किंबहुना आवडायचं.

मग दरवर्षी तेच होत गेलं. मार्च लागला की भगवंत यायचा, आणि जे डोळ्यांना दिसतं तेवढं काम व्हायचं. बंपर चमकला, सीटला नवं रेक्झिन आलं, निळ्यावर निळा चढत गेला. इंजिनाचं काम मात्र राजेंद्रने एकट्याने, मन लावून केलं. कॅम्प दोनमध्ये परसराम नावाच्या सिंधी मिस्त्रीचं गॅरेज आहे. तिथे इंजिन उतरवून ठेवलेलं, आणि राजेंद्र बाजारातली जुन्या मालाची दुकानं पालथी घालून एकेक भाग आणायचा. दिवाळीनंतर एका दुपारी ते गॅरेजमधल्या लोखंडी स्टँडवर असतानाच चालू झालं. परसरामने त्याच्या पाठीवर थाप मारली. राजेंद्र इंजिनावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. त्या दिवशी तो घरी जेवताना आपणहून बोलत होता, असं शीला सांगते.

त्याच थंडीत सुंदराबाईंच्या धाकट्या बहिणीने, बदलापूरच्या ठमाबाईने, अंथरूण धरलं. शीला म्हणाली, उद्या रिक्षाने जाऊन येऊ. सुंदराबाईंनी मान हलवली.

"ठमी नवरी होऊन ह्याच गाडीतनं गेली. मी गाडीनंच जाणार. तिच्या खिडकीखाली उभी कर, तिला बघू दे."

राजेंद्र म्हणाला, थोडे दिवस थांब. पहिल्यांदाच त्याचं म्हणणं अगदी खोटं नव्हतं. इंजिन तयार होतं. ते फक्त गाडीत बसवायचं होतं.

परसराम त्यासाठी वस्तीत आला. त्याने बॉनेट उघडलं, मग आतली मॅट उचलली, आणि जिथे इंजिनाचा भार यायचा तिथल्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो आत गेला. दुसरीकडे टेकवला, तिथेही गेला. रंगाखाली लांबी होती आणि लांबीखाली तांबडा भुगा.

"राजूभाई, इंजन तो भागेगा. बैठेगा किसपे?" परसराम उठत म्हणाला. "ये गाडी नहीं रही. रंग है."

शहाडला एक फियाट पडून आहे, तिची बॉडी घेऊ, असंही त्याने सुचवलं. पण मग तिच्यात भीमरावांचं काय उरणार होतं?

भगवंतला कळलं तेव्हा तो हसलाच. "काका, इंजिन कोणाला पाहिजे? रंगाचा एक हात मारून घेऊ, पोरं आहेत ना ढकलायला."

इतकी वर्षं गाडी चालावी असं फक्त आपल्यालाच वाटत होतं, हे राजेंद्रला तेव्हा कळलं. वस्तीला ती अशीच चालत होती. त्याने भगवंतला चहा दिला, आणि गाडी यंदा निघणार नाही एवढंच सांगितलं.

शीलाने त्याला बाजूला घेतलं. आईंना खरं सांगा, म्हणाली, नाहीतर ठमामावशी जाईल आणि या वाटच बघत बसतील.

"काय सांगू?" तो म्हणाला. "दरवर्षी नुसता हँडल धरून बसत होतो?"

पौर्णिमेला सुंदराबाई वंदनेला विहारात गेल्या होत्या. तेवढ्यात भंगारवाल्याचा टेंपो आला. परतल्या तेव्हा शेडखाली तेलाचा डाग होता. राजेंद्र ओट्यावर बसला होता.

"गाडी?"

"विकली, आई."

"कुणाला?"

"आहे कल्याणचा एक. शौकीन माणूस."

"चालवून बघितली त्यानं?"

शीला आतून बाहेर आली. राजेंद्रने तिच्याकडे असं पाहिलं की ती उंबऱ्यातच थांबली.

"बघितली ना," तो म्हणाला. "चालवतच घेऊन गेला."

सुंदराबाई खाली बसल्या. म्हणाल्या, "बापाची चालती गाडी विकलीस." त्यानंतर त्या त्याच्याशी कामापुरतंच बोलायच्या.

ठमाबाईला भेटायला त्या शीलाबरोबर रिक्षाने गेल्या. राजेंद्र रिक्षात बसायला पुढे झाला तेव्हा त्यांनी मधे पिशवी ठेवली. बदलापूरला बहिणीच्या उशाशी बसून त्यांनी पहिलं गाडी विकल्याचंच सांगितलं, आणि ठमाबाईने त्यांचा हात धरला. शीलाला तिथे दोनदा बोलावंसं वाटलं. ती खिडकीतून खाली बघत राहिली.

जयंतीला मंडळाने तसबीर ट्रकवर बसवली, चारी बाजूंनी दिवे. मिरवणूक दारासमोर आल्यावर राजेंद्र लोकांना सरबत देत होता. सुंदराबाईंनी खुर्चीतून हात करून भगवंतला जवळ बोलावलं आणि डीजेच्या वर आवाज काढून म्हणाल्या, "तू तरी थांबवायचं होतंस रे. चांगली चालती गाडी विकली यानं."

भगवंतने राजेंद्रकडे पाहिलं. राजेंद्र भांड्यात ओगराळं ढवळत राहिला.

"हो ना, आजी," भगवंत म्हणाला. "मक्खन चालायची. आम्ही पण काकाला तेच बोललो."

"बघ," सुंदराबाई लेकाला म्हणाल्या.

राजेंद्रने मान हलवली, एक ग्लास भरला आणि भगवंतच्या हातात दिला.